टिक मारली की अंघोळ झाली!

‘वैयक्तिक सेवा: उत्तम.’ डोंबल उत्तम!

माझी आत्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहते. पक्षाघातानंतर तिची डावी बाजू नीट चालत नाही. खोली तिची स्वतःची, किल्ली तिच्याकडे, आणि अंघोळ, कपडे, संडास, वेणीफणी यासाठी मदतीला माणूस येतं. ही मदत कशी होते ते तपासायला अधूनमधून कुणीतरी येऊन जातं. वरचा ‘उत्तम’ हा शेरा त्यांच्याच यंदाच्या अहवालातला, आणि तो वाचल्यापासून माझं डोकं जे सणकलंय ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

कारण त्यांनी तपासलं काय? फाईल! अंघोळ घातली का, टिक. दात घासले का, टिक. रात्री कूस बदलली का, दोनला टिक, चारला टिक, सहाला टिक. सगळ्या टिका एकाच पेनाच्या आणि एकाच बैठकीत मारलेल्या, हे शाळकरी पोरालाही कळेल. सहाच्या टिकेखाली जिची सही आहे तिची ड्यूटी चारलाच संपत होती, आणि हेसुद्धा त्याच फाईलच्या मागच्या पानावर लिहिलेलं आहे. पान उलटायचे कष्ट कोण घेणार?

त्याच आठवड्यात मी आत्याच्या डाव्या पायातला मोजा काढला. टाचेवर लाल चट्टा. बोटाने दाबून बघितलं. चांगली कातडी दाबली की पांढुरकी पडते आणि बोट काढलं की परत रंग धरते. हा चट्टा दाबला तरी लालच. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणारी जखम, सुरू होतो तो असा. सावळ्या कातडीवर तर ती लालीही धड दिसत नाही, हाताला गरम किंवा कडक लागतंय का ते चाचपावं लागतं. म्हणजे हात लावावा लागतो हो, माणसाला! फाईलला हात लावून टाच कळत नाही.

वर मला आकडे दाखवतात. ‘आम्ही शास्त्रीय मोजमाप करतो, बार्थेल इंडेक्स वापरतो.’ वापरा की, पण तो कशासाठी आहे ते तरी वाचा. १९६५ साली आलेली ही मोजपट्टी, एकूण गुण १००, आणि ती मोजते माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो ते. अंघोळीला त्यात ५ गुण. स्वतःची स्वतः केली तर ५, मदत लागली तर ०. संपलं. आता आत्याला अंघोळीला मदत लागते, म्हणजे तिचा शून्य. पाणी मनगटावर बघून, आधी सांगून, मग हळूच पायावर ओतलं तरी शून्य, आणि डोक्यावर भसाभस ओतून दोन मिनिटांत बाहेर काढलं तरी शून्य. मोजलं आत्याला आणि शेरा दिला सेवेला! परीक्षा एकाची आणि पास झाला दुसराच.

बरं, सगळ्या केअरटेकर वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. तिथली एक मुलगी आहे, ती ब्लाऊज घालताना आधी लुळा हात बाहीत घालते, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला हात मोकळा, मग लुळा. त्यामुळे खांद्याला ओढ बसत नाही. बाकीच्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही. त्या चांगला हात आधी घालतात आणि मग लुळा हात मागे पिरगाळत दुसऱ्या बाहीत कोंबतात. आत्या दुपारपर्यंत खांदा धरून बसते. फाईलमध्ये दोन्ही दिवशी एकच नोंद, ‘कपडे बदलले: हो’. त्या मुलीने आपलं काम इतकं नीट का करावं, मला सांगा. तिचं नीट आणि दुसरीचं वेडंवाकडं एकाच रकान्यात जाऊन सारखंच होतं. आणि ‘अजून इथेच आहेस? पुढच्या खोलीत जा’ हे तिलाच ऐकावं लागतं.

मग येतो तो समाधान सर्व्हे. ‘आपण सेवेबाबत समाधानी आहात का?’ प्रश्न वाचून दाखवायला कोण? तीच केअरटेकर! उद्या सकाळी जिच्या हातात आपण उघड्या अंगाने बसणार, तिच्या तोंडावर कोण ‘नाही’ म्हणेल? आत्या मला एकटीला म्हणाली, ‘अगं, उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा, त्यांनाच यायचंय माझ्याकडे.’ हा सर्व्हे म्हणे शंभर टक्के समाधान दाखवतो. दाखवणारच!

तपासणीवाल्या बाईंचं म्हणणं, ‘बाथरूममध्ये आम्ही डोकावू शकत नाही, खासगीपणाचा प्रश्न आहे.’ मान्य. कुणी डोकावा म्हणतंय? बाहेर आल्यावर बघा की. कानामागे साबण सुकलाय का. मुठीत दुमडून राहणाऱ्या हाताचा तळवा उघडून बघा, तिथे घाम साचून वास मारतो. कवळी रात्री काढून धुतली जाते का ते तिच्या डबीत डोकावलं तरी कळतं. बेल वाजवल्यावर माणूस किती वेळाने आलं ते मशीनमध्ये नोंदलेलं असतं, ते कधी कुणी मागितलंय? महिनाभरात किती वेगवेगळे चेहरे तिच्या अंघोळीला आले ते मोजा. आणि सगळ्यात आधी विचारा, संध्याकाळी पाणी का पीत नाही. आत्या पाणी पीत नाही कारण रात्री बाथरूमला नेणारं कुणी वेळेवर येत नाही. त्यातून लघवीचा संसर्ग झाला. अहवालात तो ‘वयोमानानुसार’ या सदरात टाकलाय! वय झालं म्हणून पाणी सोडलं का तिने?

१९६६ साली डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय की सेवेचा दर्जा तीन अंगांनी बघा: साधनं काय आहेत, काम कसं केलं जातं, आणि त्याचा परिणाम काय झाला. आमच्याकडे पहिलं अंग फोटो काढून उरकतात, दुसरं टिकांवर भागवतात, आणि तिसरं मोज्याच्या आत झाकलेलं असतं.

यावर मी चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ आणि फॉर्ममध्ये एक नवा रकाना आला, ‘टाच तपासली: हो / नाही’. काय बोलणार!

त्यातून बाथरूममधल्या खुर्चीचं त्रांगडं वेगळंच. भिंतीला लावलेली अंघोळीची खुर्ची हलते. इमारतवाले म्हणतात, ती सेवेची वस्तू, सेवा देणाऱ्या एजन्सीला सांगा. एजन्सी म्हणते, ती भिंतीला लावलेली, म्हणजे इमारतीची. हे दुखणं फक्त आमचंच नाही, इंग्लंडमध्येसुद्धा अशा घरांतली वैयक्तिक सेवा केअर क्वालिटी कमिशन तपासतं, पण इमारत त्यांच्या कक्षेत येत नाही. घर एकाचं, हात दुसऱ्याचा, आणि पडली तर पडणारी आत्या. दोघांचे ईमेल एकमेकांना नमस्कार-चमत्कार करत फिरतायत. केअरटेकर एका हाताने खुर्ची दाबून धरते आणि दुसऱ्या हाताने आत्याला साबण लावते.

दोन स्क्रू सैल आहेत, बास. रविवारी मीच पाना घेऊन जाणार आहे. अडवायला कुणी आलंच, तर खुर्ची कुणाच्या अखत्यारीत येते ते आधी आपसात ठरवून या म्हणावं.