रात्री सोडल्या म्हणून तलंगा खपून जात नाहीत

"नव्या तलंगा रात्री अंधारात खुराड्यात सोडा. सकाळी जुन्या कोंबड्यांना काही कळत नाही. थोडी टोचाटोची होईल, मधे पडू नका, दोन दिवसांत गप्प होतात." तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या. हा मेसेज माझ्याकडे महिनाभरात चार ग्रुपवरून आला. पाठवणाऱ्या निम्म्यांच्या घरी कोंबडी फक्त रविवारी येते, तीही पांढऱ्या रश्श्यात.

"काही कळत नाही" म्हणे. कोंबडीला अंधारात दिसत नाही हे खरं, पण उजाडतंच की! कोंबड्या एकमेकींना तुऱ्यावरून, तोंडावरून ओळखतात. कुणी कुणाला टोचायचं ही त्यांची उतरंड शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या माणसानं १९२१ सालीच मांडून ठेवलीय. मीही बावड्यात घरामागं हा उद्योग करून बसलोय. बाजारातून एकच तलंग आणली, रात्री अलगद दांडीवर बसवली. सकाळी दार उघडलं तर ती पत्रा आणि भिंतीच्या फटीत डोकं खुपसून उभी, मानेवरची पिसं गेलेली, आणि आमची काळी तिच्या पाठीवर.

पाठलाग, एखादा टोचा, तिथवर मधे पडू नये हे मान्य. पण रक्त दिसलं की बाकीच्याही तिथंच टोचायला लागतात, अगदी जीव जाईपर्यंत. रक्ताळलेलीला लगेच डालग्याखाली वेगळी काढायची.

आणि दोन दिवस कुठले? नवी उतरंड नीट बसायला काही आठवडे जातात. खुराड्याला लागून जाळी मारा. आठ-दहा दिवस एकमेकींना दिसू देत, चोच पोचू नये. मग परड्यात मोकळ्यावर एकत्र सोडा, खाणं-पाणी दोन-तीन जागी ठेवा, पळून लपायला एखादी पाटी आडवी टाका. तलंगा अंगानं जुन्यांच्या जवळपास आलेल्या हव्यात आणि दोन-तीन तरी हव्यात. एकटी आणली की सगळा मार तिलाच. एवढं झाल्यावर रात्री दांडीवर बसवायची युक्ती चालते. आपल्याकडच्या जुलैत मात्र हे काढूच नका. पावसानं दिवसभर कोंडलेल्या कोंबड्या आधीच चिडलेल्या असतात.

खाद्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेअर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, अंड्यावर न आलेल्या तलंगेच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य घाला, अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात.

रोगाबद्दलही तसंच. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, अंगात असली तरी दिसायला दोन आठवडेही लागू शकतात, म्हणून जाळीजवळ आणण्याआधी नव्या तलंगा किमान तीन आठवडे लांब ठेवायच्या. तेवढे दिवस जुन्यांचं खाणं-पाणी आधी करा, नव्यांचं नंतर. उलट केलं तर आपली चप्पलच रोग घेऊन खुराड्यात जाते.