काठावर काय पडलंय

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. अकराच दिवसांत तो आदेश बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि पिसाळलेली किंवा चावरी सोडून बाकीची होती तिथंच परत सोडा. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हटवायचा आदेश निघाला. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. संभाजीनगरच्या भाच्याच्या लेकीला क्लासवरून येताना कुत्रं चावलं होतं, त्यामुळं तो एका बाजूला. पैठणची माझी बहीण रोज रात्री भाकरीचे तुकडे घेऊन दारात बसते, ती दुसऱ्या बाजूला. परवा भाच्यानं विचारलं, “मावशी, तुमच्याकडं रस्त्यावर एक कुत्रं दिसत नाही, हे कसं जमतं?”

मी ऑकलंडला राहते. त्याला खरं उत्तर द्यायला हवं. न्यूझीलंडमध्ये तीन महिन्यांच्या वरच्या प्रत्येक कुत्र्याची नोंदणी करावी लागते. शिवाय या देशात रेबीज नाहीच. चावलेल्या पोराला घेऊन रात्री संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात धावण्याची भीती इथल्या आयांना माहीत नाही. आणि मोकाट सापडलेल्या कुत्र्याला न्यायला मालक आला नाही, तर बहुतेक वेळा त्याला मारतात. २०२४-२५ या एका वर्षात ऑकलंडच्या पालिकेनं १०,००० हून जास्त कुत्री पकडली आणि त्यातली निम्म्याहून जास्त मारली. तेव्हा इथल्या रिकाम्या फुटपाथचे फोटो दाखवून माझ्या बहिणीला कुणी गप्प करू नये. त्या फोटोंमागं काय आहे ते मला माहीत आहे.

इथून घ्यावंसं वाटतं ते वेगळंच. २००९ च्या हिवाळ्यात ऑकलंडलगतच्या हाउराकी आखाताच्या किनाऱ्यांवर फिरायला नेलेली कुत्री अचानक आजारी पडायला लागली. ओकाऱ्या, तोंडाला फेस, पाय लटपटणं, मग श्वास बंद. काही मेली. शोध घेतल्यावर कळलं की वाळूत वाहून आलेली करड्या रंगाची, पाठीवर शंख नसलेली समुद्री गोगलगाय त्यांनी खाल्ली होती. तिच्यात टेट्रोडोटॉक्सिन निघालं. फुगामाशात असतं तेच विष. त्यावर उतारा नाही. ही गोष्ट इथली माणसं अजून विसरलेली नाहीत. माझी शेजारीण वादळ होऊन गेल्यावर आठवडाभर कुत्र्याचा पट्टा आखूड धरते आणि त्याच्या पुढं दोन पावलं टाकत वाळू बघत चालते. समुद्रानं आणून टाकलेल्या विषाला माणूस जबाबदार नव्हता, तरी कुत्र्यानं काय खाल्लं हे शोधून काढणं लोकांना आपलं काम वाटलं.

आमच्या पैठणच्या घाटावर जे पडतं, ते कुठला समुद्र आणून टाकत नाही. दहाव्याचे विधी होतात, जेवणं होतात. पूर्वी पळसाच्या पत्रावळी असायच्या, त्या कुजून जायच्या. आता चकचकीत मुलामा दिलेल्या पत्रावळी, आणि उरलेलं अन्न कॅरीबॅगेत गाठ मारून तिथंच. आमच्या गल्लीतला मोत्या त्यातूनच गेला. मागच्या दिवाळीत मी घरी होते. चार दिवस तो अन्नाला तोंड लावेना, पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं तर आतून दाव्यासारखा पीळ पडलेली प्लास्टिकची गुंडाळी निघाली, तिला अजून रश्श्याचा वास होता. गाठ तशीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोत्या गेला. अशा पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

म्हणून भाच्याला आणि बहिणीला माझं एकच सांगणं आहे: कुत्रं ठेवायचं की हटवायचं यावर तुम्ही भांडता, पण ते जिथं पोट भरतं त्या उकिरड्याबद्दल ग्रुपवर एक ओळ नाही. उघडं अन्न जिथं पडतं तिथं कुत्र्यांची टोळी जमते, टोळीतलं कुत्रं एकट्यापेक्षा जास्त अंगावर येतं, आणि तेच कुत्रं पिशवी गिळून मरतं. भाच्याच्या लेकीचं दुखणं आणि मोत्याचं मरण एकाच ढिगातून आलेलं आहे. नसबंदी आणि लस हवीच, पण घाटावर झाकणाचे डबे आणि ते रोज उचलणारी गाडी हे कामही तितकंच निकडीचं आहे.

काठावरून उचलण्याचंही तसंच. गेल्या वर्षी आई इथं आली तेव्हा तिच्या पर्समध्ये कवड्यांची माळ होती. कुळस्वामिनी तुळजाभवानी, नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागताना ती माळ गळ्यात घालायची, आजीपासून चालत आलेली. इथं शिंपले, कवड्या विमानतळावर जाहीर कराव्या लागतात, लपवलं तर ४०० डॉलर दंड. मी आधीच कागदावर लिहायला लावलं होतं. अधिकारी बाईंनी हातमोजे घालून एकेक कवडी फिरवून बघितली, आत माती-कीड नाही याची खात्री केली आणि दोन्ही हातांनी माळ परत दिली. आईचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी तिला ली (Leigh) इथल्या किनाऱ्यावर नेलं. न्यूझीलंडचं पहिलं सागरी राखीव क्षेत्र, १९७५ चं. तिथून रिकामा शंख-शिंपलासुद्धा न्यायचा नाही. आईनं एक शंख उचलला होता. मी सांगितलं की मऊ पोटाचा एक खेकडा असल्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो, तर तिनं तो होता तिथं, होता तसा उपडा ठेवला. मग विचारलं, “आपल्याकडं असं काहीच नाही का गं?” आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २००१ पासून नॉटिलससारख्या २४ जातींच्या शंख-शिंपल्यांना संरक्षण आहे. पण मराठवाड्यातून गणपतीपुळ्याला सहलीला जाणाऱ्या किती जणांना कुणी हे सांगितलं?

आणि समुद्र लांबच राहिला. लहानपणी आम्ही गोदावरीच्या वाळूत शिंपले उकरायचो; ओल्या वाळूत बोटभर खाली ते उभे सापडायचे, आतून मोरपिशी झाक. मागच्या दिवाळीत भाच्याच्या लेकीला ते दाखवावं म्हणून पात्रात उतरले. ट्रॅक्टरला लावलेली केनी, म्हणजे वाळू ओढायचं लोखंडी फावडं, गाळ ओढत होती, काठावर हायवा ट्रक उभे होते. वाळू नव्हतीच, खडक आणि खड्डे होते, एकेक पुरुषभर खोल, हिरवं पाणी भरलेले. वाळू गेली की नदी पाणी धरत नाही, काठच्या विहिरी आटतात, आणि दर पावसाळ्यात अशा खड्ड्यांत पोहायला उतरलेली पोरं बुडतात. इथं एका शंखासाठी आईला हात मागं घ्यावा लागला. तिथं रात्रीतून अख्खं पात्र उचललं जातं आणि गावात सगळ्यांना ट्रॅक्टर कुणाचा ते माहीत असतं.

आम्ही तासभर शोधलं. पोरीला एक शिंपला मिळाला, तुटका. ती म्हणाली, घरी नेऊ का? मी ने म्हणाले.