गाडी लागली

मला गाडी लागते. स्वारगेटच्या फलाटाला लागते तशी नव्हे, पोटाला. स्वारगेट ते पाचगणी जेमतेम शंभर किलोमीटर, पण वाटेत खंबाटकी आणि पसरणी असे दोन घाट लागायचे.

चारेक वर्षांपूर्वी असाच निघालो होतो. सकाळपासून आईला माझा फोन लागत नव्हता. शेवटी लागला.

"लागली का गाडी?"

"हो, आत्ताच लागली."

"अगं बाई! कुठवर आलास?"

"स्वारगेटला. अजून सुटायचीय."

"उभ्या गाडीत लागली? अरे, आल्याचा तुकडा तरी ठेवायचा खिशात!"

समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात गाडी सुटली.

मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. 'लागणें'पाशी त्याची काय अवस्था झाली असेल! भूक लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, लग्न लागतं आणि मग वाट लागते. 'रडू लागलो' म्हणजे आपण सुरू केलं, 'रडावं लागलं' म्हणजे दुसऱ्या कुणी तरी. पण खरी सोय वेगळीच आहे. या क्रियापदात माणसाचा दोष म्हणून नसतो. दूध लागतं, व्यसन लागतं, मला ठेच लागते. मी बापडा नुसता तिथे हजर असतो.

खंबाटकीला तेव्हा पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा होता, जाणाऱ्यांना मात्र घाट चढावाच लागे. तिसऱ्या वळणावर मी रुमाल तोंडाला लावला. कंडक्टर आला.

"काय झालं, साहेब?"

"लागल..." पुढचं रुमालात.

"कुठं लागलं? डोकं आपटलं का?" मग शेजारच्या आजींकडे वळून, "आजी, हे तुमचे कोण लागतात?"

"कुणी न्हाई बाबा. ही पिशवी तेवढी माझी हाय," म्हणत आजींनी ती माझ्या पायाजवळून उचलून मांडीवर घेतली.

पसरणीबद्दल काही लिहीत नाही.

घरी पोचलो तेव्हा आई गॅसपाशी पातेलं खरवडत होती. "तुझी गाडी कुठं आली ते बघत दारात उभी राहिले, आणि इकडे दूध लागलं. चहा चालेल ना?"

एक घोट घेतला. करपट वास होता.

"कसा लागतोय?"

"लागतोय," मी म्हणालो.