फ्रीजरला सुरी लावायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

"मेकॅनिकला हजार रुपये देण्याआधी हे वाचा! फ्रिजचे सहा घरगुती उपाय, जे मेकॅनिक कधीच सांगणार नाही." हा मेसेज महिनाभर फिरतोय. माझ्याकडे तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला. गेल्या आठवड्यात लालबागहून मावशीचा फोन आला, "अरे, फ्रीजरमधून फुस्स आवाज आला आणि तेव्हापासून काहीच गार होत नाहीये." गणपतीच्या आधी घर आवरताना तिने त्यातला पहिला उपाय करून पाहिला होता. साचलेल्या बर्फाला मीठ चोळायचं आणि सुरीने उचकटायचं. मी दादर-परळ भागात बावीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय. आता गप्प बसवत नाही.

आधी तो बर्फाचाच मुद्दा. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये फ्रीजरचा डबा हीच कूलिंग कॉइल असते. ॲल्युमिनियमचे दोन पत्रे एकमेकांवर दाबून जोडतात आणि त्यांच्यामध्ये गॅस फिरण्यासाठी वाटा फुगवतात. बर्फ नसताना हात फिरवा, उंचवटे लागतील. त्यांच्यावरचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो आणि बर्फाखाली ते दिसत नाहीत. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं, कशाचंही टोक आरपार जातं. आमच्या भाषेत, फ्रीजर पंक्चर झाला.

आता आत काय असतं ते ऐका. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर ६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन. शेगडीच्या सिलिंडरमधल्या ब्युटेनचाच हा भाऊ. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, फ्रिजमध्ये बहुधा १०० ग्रॅमच्याही आत, त्यामुळे चाळ उडेल असं सांगून मी कुणाला घाबरवणार नाही. पण हवेत दोन टक्क्यांहून कमी प्रमाणात मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. हवेच्या दुप्पट जड असल्याने खाली बसतो. आणि सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास असतो, तसा याला नसतो. नाकाला कळतच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत फ्रिज आणि पेटती शेगडी यांच्यात दोन हातांचं अंतर असतं. मावशीचा कुकर तेव्हा उतरवून झाला होता, एवढंच आमचं नशीब.

मिठाने बर्फ वितळतो, हे खरं. पण ते खारं पाणी ॲल्युमिनियमला खातं. शिवाय या गॅसची एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावी. फ्रिज बंद असताना भोक पडलं तर गॅस बाहेर येतो, तो फुस्स आवाज त्याचाच. नंतर फ्रिज चालू केला की फ्रीजरच्या बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि तेच भोक हवा आणि पाणी आत ओढायला लागतं. मावशीने बर्फ काढून झाल्यावर फ्रिज चालू केला. मिठाचं पाणी नळीतून कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, तेलापर्यंत गेलं. फ्रीजर गेला, कॉम्प्रेसरही गेला. हजार रुपये वाचवायला निघाली होती बिचारी.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तुमच्या फ्रिजबरोबर आलेली पुस्तिका काढा. घरगुती फ्रिजच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५-२-२४. ज्वलनशील गॅस असेल तर पुस्तिकेत इशारा छापावाच लागतो, की बर्फ लवकर काढण्यासाठी कंपनीने सांगितल्याखेरीज कुठलंही अवजार वापरू नका आणि गॅसच्या नळ्यांना इजा होऊ देऊ नका. मागे कॉम्प्रेसरजवळ ज्वाळेचं चित्र असलेला त्रिकोणी स्टिकरही सापडेल. पुस्तिकेतलं हे एक पान त्या अख्ख्या मेसेजला पुरेसं आहे.

बर्फ काढायचा कसा? थर्मोस्टॅटच्या, म्हणजे थंडावा कमी-जास्त करायच्या गोल चकतीच्या, मधलं बटण दाबा, किंवा स्विच बंद करून दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, खाली जुना पंचा अंथरा. दोन-तीन तास लागतात, लागू देत. बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की काढावा, वीतभर होईपर्यंत थांबू नये. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की दार उघडलं की बाष्प आत शिरतं आणि गोठतं. तरीही फारच लवकर साचत असेल तर दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात अडकवून ओढा. सहज सुटली तर रबर ढिलं आहे.

आता मेसेजमधले बाकीचे उपाय. "शॉक लागत असेल तर प्लगची मोठी पिन काढून टाका." हे लिहिणाऱ्याला माणूस म्हणावं का, हा प्रश्न मला पडतो. ती अर्थची पिन. बॉडीत करंट उतरला तर तो जमिनीत जायची तीच वाट. ती काढलीत तर पुढची वाट तुमच्या अंगातून जाते, आणि पावसाळ्यात स्वयंपाकघरातली लादी ओली असते. झिणझिण्या आल्या तरी फ्रिज बंद करा आणि वायरमनला बोलवा. जुन्या चाळींत सॉकेट तीन भोकांचं असूनही मागे अर्थची वायरच जोडलेली नसते, तेही तपासून घ्या.

"रात्री बंद ठेवा, बिल निम्मं होईल." थोडे युनिट वाचतात, नाकारत नाही. निम्मं मात्र अजिबात नाही, कारण सकाळी सगळं पुन्हा गार करायला कॉम्प्रेसर सलग चालतो. दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो, आणि रात्र आठ तासांची असते. जागतिक आरोग्य संघटना अन्न ५ अंशांखाली ठेवायला सांगते. मे महिन्यातल्या मुंबईत पहाटे दुधाचं आणि कालच्या मासळीच्या कालवणाचं काय झालेलं असेल, ते नाकालाच विचारा.

"थंड होत नसेल तर पाच-सहा वेळा चालू-बंद करा, कॉम्प्रेसर मोकळा होतो." उलट अडकतो. बंद झाल्यावर कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी चालू केलात की टक्‌ आवाज येतो आणि ओव्हरलोड, म्हणजे कॉम्प्रेसरला जपणारा स्विच, ट्रिप होतो. हे वारंवार केलं तर मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारा, जळतं.

"कूलिंग कमी म्हणजे गॅस संपला, दर दोन वर्षांनी भरून घ्या." गॅस संपत नसतो, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. इथे मात्र मला मान खाली घालावी लागते. आमच्याच धंद्यात रबर किंवा थर्मोस्टॅट न बघता "गॅस गेलाय" म्हणून पैसे काढणारे आहेत. लीक कुठे होता ते दाखवा म्हणा. दाखवता आलं नाही तर पैसे देऊ नका.

राहिला सहावा, मागची जाळी, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या, साफ करण्याचा. हा बरोबर आहे. प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा, भिंतीपासून फ्रिज थोडा पुढे ठेवा. हल्ली बऱ्याच फ्रिजना मागे जाळी नसते, ती बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून बाजू गरम लागतात. तो बिघाड नाही.

मावशीने तो मेसेज तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. सगळ्यांची गणपतीची आवराआवर अजून चालू आहे. हे लिहून झालं की आधी त्याच ग्रुपवर टाकायला तिला देतोय.