साबण करायचा तर आपल्या तेलाचा, आपल्या हवेचा

"ताई, कॉस्टिक सोडा न घालता साबण कसा करायचा?" हा प्रश्न मला सारखा येतो, आणि विचारणाऱ्यात चांगली शिकलेली मंडळीही असतात. उत्तर दोन शब्दांचं आहे: होत नाही, निदान वडीचा साबण तरी. तेल आणि कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, यांची अभिक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. वडीचा साबण म्हणजे हेच. ज्यांना कॉस्टिकची भीती वाटते ते बाजारातून तयार 'सोप बेस' आणतात, वितळवतात, रंग-वास घालून साच्यात ओततात. त्यात वाईट काही नाही, मुलांना सुट्टीत करायला छान आहे. पण त्या बेससाठी लागणारं कॉस्टिक कुणीतरी कारखान्यात आधीच वापरलेलं असतं. त्याच वडीवर 'केमिकल-फ्री, हातांनी बनवलेला' अशी चिठ्ठी लावून प्रदर्शनात विकायला ठेवलेली बघते तेव्हा मला खरंच राग येतो. घेणाऱ्याची ती फसवणूक आहे.

नीट मोजून केलेल्या साबणात कॉस्टिक उरत नाही. तेलाला जेवढं लागतं त्यापेक्षा आपण मुद्दामच पाचेक टक्के कमी घालतो, म्हणजे सगळं कॉस्टिक संपतं आणि थोडं तेल शिल्लक राहतं. मोजणं मात्र तंतोतंत लागतं. वाटी-चमचा इथे चालत नाही, ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटाच हवा. एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलला ०.१२८. तेल बदललं की सगळा हिशेब बदलला. कुणाच्या रेसिपीत खोबरेल होतं आणि तुम्ही तेवढ्याच वजनाचं शेंगदाणा तेल घातलं, तर त्या साबणात कॉस्टिक मोकळं राहणार आणि अंगाची आग होणार.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्याकडे हा छंद जडलेले बहुतेक जण परदेशी व्हिडिओ बघून सुरुवात करतात. त्यात ऑलिव्ह ऑइल असतं, शिया बटर असतं, खोलीचं तापमान वीस अंश असतं. आणि आपण बसलोय अमळनेरात, धुळ्यात, भुसावळात. तेल वेगळं, पाणी वेगळं, हवा तर पूर्णच वेगळी. मग साबण फसला की माणूस म्हणतो, 'मला जमत नाही.' जमत का नाही? रेसिपी आपल्या मुलखाची नसते, एवढंच.

तेलाचंच घ्या. खानदेशात तेलबियांना काय तोटा आहे? धुळ्याकडे शेंगदाणा, तीळ सगळीकडे, जिनिंगमधून निघणारी सरकी, बांधावरचा एरंड, दारातल्या लिंबाच्या निंबोळ्या, आणि सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावकडे मोह. शेंगदाणा तेलाचा साबण सौम्य होतो पण नुसत्या शेंगदाण्याचा केला तर मऊ राहतो, लवकर झिजतो. खोबरेल वडीला टणकपणा देतं, मोठा फेस देतं. जास्त झालं तर कातडी कोरडी पडते, म्हणून मी ते तीस टक्क्यांच्या वर नेत नाही. एरंडेल थोडंच, पण त्यानं फेस टिकतो. सरकीचं तेल स्वस्त असलं तरी जपून वापरावं, ते लवकर खवट होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके उमटतात. निंबोळी तेल दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की घरातले बाथरूममध्ये पाय ठेवत नाहीत.

आणि मोहाचं तेल! बियांपासून निघणारं हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं. सातपुड्यात लोक ते स्वयंपाकात वापरतात, दिव्यात जाळतात. आपण मात्र त्याच्याकडे ढुंकून बघत नाही आणि शिया बटरचा डबा मागवतो आफ्रिकेतून. मोहाच्या तेलानं वडी घट्ट होते, फेस बारीक आणि मऊ येतो. माझं नेहमीचं प्रमाण असं आहे: एक किलो तेलात खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाणा ४००, मोह २००, एरंडेल १००. याला पाच टक्के कमी धरून कॉस्टिक १४२ ग्रॅमच्या आसपास लागतं, पाणी त्याच्या दुप्पट. पण माझा आकडा तसाच उचलू नका. सोप कॅल्क्युलेटर फुकट मिळतात, आपल्या तेलाचा हिशेब प्रत्येक वेळी स्वतः करा.

पाण्याबद्दल तर बोलायलाच हवं. आपल्या बोअरच्या पाण्यात एवढे क्षार असतात की ठिबकच्या नळ्या तुंबतात आणि शेतकऱ्याला त्यात ॲसिड सोडावं लागतं. तेच पाणी साबण करायला घेतलं तर त्यातला कॅल्शियम साबणाला धरतो आणि वडी किरकिरी, निस्तेज होते. कॉस्टिक विरघळवायला मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर वापरते, कुठल्याही बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो. नंतर आंघोळीच्या वेळी बादलीत जो पांढरा चिकट थर बसतो तोही याच कॅल्शियमचा. त्यावर उपाय आहे. साबण करतानाच, कॉस्टिक विरघळवायच्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड घालायचं, आपण ज्याला लिंबू सत्त्व म्हणतो ते. दहा ग्रॅमला सहा ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक जास्त धरायचं, कारण तेवढं कॉस्टिक ते ॲसिड खाऊन टाकतं. या एका गोष्टीनं जड पाण्यातसुद्धा फेसात फरक पडतो.

आता ऊन. कॉस्टिक पाण्यात पडलं की पाणी बघता बघता ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि नाकाला झोंबणारी वाफ निघते. युरोपातल्या स्वयंपाकघरात ते तासाभरात कोमट होतं. आपल्याकडे आखाजीच्या सुमाराला फरशीच चटके देत असते, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, ते पातेलं दुपारपर्यंत निवत नाही. साच्यात ओतल्यावरही आत अभिक्रिया चालूच असते, ती स्वतःची उष्णता तयार करते. बाहेर ऊन आणि आत ही उष्णता, मग साबण मधोमध फुगतो, वर भेग पडते, कधी साच्याबाहेर उतू येतो. गूळ, मध किंवा दूध घातलेलं असेल तर हमखास, कारण साखरेनं ताप आणखी वाढतो. म्हणून उन्हाळ्यात करायचाच असेल तर पहाटे पाचला, कॉस्टिकचं पातेलं माठातल्या गार पाण्याच्या परातीत ठेवून, आणि साचा झाकून न ठेवता पंख्याखाली. व्हिडिओत टॉवेलात गुंडाळायला सांगतात, ते आपल्यासाठी नाही.

पावसाळ्यात दुसरीच तऱ्हा. साबणातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, कानबाईच्या दिवसांत कपाटातल्या वड्यांना घाम सुटतो, वर थेंबच थेंब. साबण खराब झालेला नसतो, कोरड्या फडक्यानं टिपून वाऱ्यावर ठेवला की झालं. पण याच दिवसांत कॉस्टिक जपा. दुकानात उघड्या पोत्यातून कागदाच्या पुडीत बांधून दिलेलं घेऊ नका. ते ओल धरतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होतं, जोर कमी होतो. एका दुकानातून असं चिकटलेलं कॉस्टिक माझ्या गळ्यात मारलं गेलं होतं, त्याचा साबण महिनाभर तेलकटच राहिला. कोरड्या मोकळ्या चपट्या, हवाबंद डबा, एवढं बघूनच घ्यायचं.

साबणासाठी आपला खरा हंगाम थंडीचा. मार्गशीर्ष-पौषात सकाळी करायला घ्या, सगळं शांतपणे होतं. मग चार ते सहा आठवडे वड्या सुटत्या-सुटत्या मांडून ठेवायच्या. आपली हवा कोरडी आहे, पाणी भराभर उडतं. तरीही आठवडे कमी करू नका. नुसतं पाणी उडणं म्हणजे मुरणं नाही, आतली रचना घट्ट व्हायला वेळ लागतोच. जुना साबण जास्त सौम्य लागतो आणि जास्त दिवस पुरतो, हे वापरून बघितलेला कुणीही सांगेल.

भांड्यांचं एक सांगते, कारण आपल्या घरात जर्मनची पातेली असतातच. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, हायड्रोजन वायू सुटतो, पातेलं काळं पडून फेसाळतं. स्टीलच वापरा. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या, लेकरं दुसऱ्या खोलीत. अंगावर उडालंच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. व्हिनेगर किंवा लिंबू चोळत बसू नका, आधी पाणी. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारत थेट डॉक्टर.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरचेही विचारतात. स्वस्त पडतो म्हणून नक्कीच नाही, घाण्याच्या तेलाचा भाव सगळ्यांना माहीत आहे. पण कोमट तेलात कॉस्टिकचं पाणी सोडलं, ब्लेंडर फिरवला की दोन-तीन मिनिटांत ते पारदर्शक पिवळं तेल दुधाळ होतं, जड होतं, भज्याच्या पिठासारखं दाट होतं. ब्लेंडर उचलून वरून धार सोडली की ती बुडत नाही, रेघ उमटून राहते. यालाच ट्रेस म्हणतात. आता हे परत तेल होणार नाही. मला त्या रेघेचा अजूनही प्रत्येक वेळी आनंद होतो. त्यात चिमूटभर हळद घाला आणि बघा, हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच हा गुण. पुढच्या आठवड्यांत तो लाल उतरत उतरत केशरी-पिवळा होत जातो. दुसऱ्या दिवशी लादी साच्यातून काढून तारेनं कापायची. कापाचा आतला भाग गुळगुळीत, कडा अजून ओलसर, आणि मोहाच्या तेलाचा तो फिकट हिरवट-पिवळा रंग. गुलाबाच्या पाकळ्या टाकू नका, कॉस्टिकमध्ये त्या तपकिरी होतात. फोटोत गुलाबी दिसतात त्या सोप बेसमधल्या किंवा वरून चिकटवलेल्या.

आजीच्या तोंडून ऐकलेलं एक करून पाहिलं, ते इथे लिहून ठेवते. आजी म्हणायची, "साबन कोठे व्हता वं बैन तवय!" कपडे राखेच्या पाण्यात उकळायचे. आपल्याकडे घड कापल्यावर केळीची खोडं ढिगानं पडून असतात. वाळलेल्या खोडांची राख केली तर तिच्यात पोटॅशियम भरपूर असतं. ती राख पाण्यात भिजवून फडक्यातून गाळायची, त्या पाण्यात कळीचा चुना घालून ढवळून ठेवायचं. पांढरा गाळ तळाला बसतो तो खडू, आणि वर राहतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी. हातमोजे घालूनच, तेही भाजतं. करंजाच्या तेलात हे घालून मंद आचेवर शिजवत राहिलं की काळपट, मऊ, लोण्याइतका नरम साबण होतो. वडी होत नाही, कारण पोटॅशचा साबण नरमच असतो. अंगाला लावत नाही, राखेच्या पाण्याचा जोर मोजता येत नाही म्हणून. पण तव्याची काजळी आणि शेतातल्या कपड्यांची माती तो काय काढतो! केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावल-फैजपूरकडे, कुणी हे नीट अभ्यासून पुढे न्यावं असं मला मनापासून वाटतं.

तेलातून साबण हे आपल्या गावाला नवीन नाही, याचा मला अभिमान आहे. १९४५ साली मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी याच अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. वनस्पती तूप आणि त्याच्या जोडीला कपड्यांचा '७८७' साबण हा तिचा सुरुवातीचा माल. आज जगभर जिला विप्रो म्हणतात ती हीच. कारखाना इथे आला तो आसपासच्या तेलबियांच्या जोरावर. त्या तेलबिया आजही इथेच पिकतात.

दुकानातला साबण वाईट, असं मी म्हणणार नाही. पाकिटाची मागची बाजू वाचा एवढंच सांगेन. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये टीएफएम, म्हणजे तेलातून आलेल्या स्निग्धाम्लांचा एकूण वाटा, किमान ७६ टक्के लागतो, दुसऱ्या प्रतीला ७०, तिसऱ्या प्रतीला ६०. 'बाथिंग बार' लिहिलं असेल तर ती वेगळी, कमी टीएफएमची वस्तू. 'पीएच ५.५' लिहिलेली वडी तर साबणच नसते, खरा साबण नऊ-दहाच्या आसपासच असतो. आणि कारखान्यात ग्लिसरीन बहुतेक काढून घेतात, ते वेगळं विकलं जातं. घरच्या साबणात ते जागेवरच राहतं. माझ्या हाताला फरक जाणवतो तो त्याचाच.

बचत गटाच्या बायका विचारतात, विकायला सुरुवात करू का? घरच्यांना, नात्यात भेट द्या, बिनधास्त. पण आंघोळीचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात येतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम यांच्याखाली बनवून विकायला परवाना लागतो. आधी त्याची चौकशी करा, मग पाट्या रंगवा. आणि पाटीवर तेलांची नावं लिहा, कॉस्टिकपासून केलाय हेही लिहा. लपवण्यासारखं त्यात काहीच नाही.

अक्कलकुवा, धडगाव, शहादा भागात कुणी मोहाचं तेल स्वतः गाळत असेल, किंवा कुणाच्या ओळखीत असेल, तर खाली सांगा. यंदा चार-पाच किलो हवंय, भाव तुम्ही सांगाल तो. आणि थंडी पडली की एका रविवारी आमच्या अंगणात करून दाखवणार आहे. येणाऱ्यांनी हातमोजे, चष्मा आणि स्टीलचं पातेलं घेऊन यावं. तेल माझं.