‘त्याच बर्नरला हायड्रोजन जोडा’ या मेसेजबद्दल खुलासा

‘बॉयलरचा नैसर्गिक वायू बंद करा, त्याच बर्नरला हायड्रोजन जोडा, फक्त पाण्याची वाफ निघेल, प्रदूषण शून्य’ असा मेसेज कारखानदारांच्या ग्रुपवर फिरतो आहे. औद्योगिक बॉयलरमधलं हायड्रोजनचं ज्वलन हाच माझ्या पोस्ट-डॉक संशोधनाचा विषय आहे, म्हणून लिहिते आहे.

हायड्रोजन जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होत नाही, हे खरं. पण बॉयलरमध्ये तो हवेत जळतो आणि हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. ज्योतीच्या उष्णतेने तो ऑक्सिजनशी जोडला जाऊन नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू बनतात. ज्योत जितकी गरम, तितके ते जास्त. हायड्रोजनची ज्योत तर मिथेनपेक्षा गरम असते. धुराड्यातला वायू मोजला की ते दिसतात. बर्नरची रचना बदलून किंवा धुराचा काही भाग पुन्हा ज्योतीकडे फिरवून ते कमी करता येतात, पण आपोआप होत नाहीत.

मला खरी काळजी ‘त्याच बर्नरला’ या शब्दांची वाटते. हायड्रोजनची ज्योत कितीतरी पट वेगाने पसरते, त्यामुळे ती उलटी बर्नरच्या आत शिरू शकते. दिवसाउजेडी ती डोळ्यांना जवळपास दिसतही नाही. अतिनील किरण टिपणारा सेन्सर लागतो. शिवाय तेवढ्याच उष्णतेसाठी सुमारे तिप्पट आकारमानाचा वायू द्यावा लागतो.

आणि आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळशापासूनच बनतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड तो बनवतानाच बाहेर पडतो.

कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. बर्नरला हात लावण्याआधी त्याच्या उत्पादकाशी आणि बॉयलर निरीक्षकांशी बोला.