एकशे आठ पिको-मुक्तिवेग

सोलापुरात काही हलत नाही म्हणून रडणाऱ्यांनो, हलतं सगळं. तुमचं एकक चुकतंय. ताशी किलोमीटर सोडा आणि मुक्तिवेगात मोजायला शिका.

मुक्तिवेग म्हणजे शाळेत घोकला होता तोच, सेकंदाला 11.2 किलोमीटर. एवढा वेग गाठला की यान पृथ्वीच्या तावडीतून सुटतं ते सुटतंच. त्याचा हजारावा भाग मिली-मुक्तिवेग, म्हणजे ताशी 40 किलोमीटर. होटगी रोड मोकळा मिळाला तर तुमची स्कूटी एवढ्याने पळते. दहा लाखावा भाग मायक्रो, सेकंदाला सेंटिमीटरभर. गोगलगाय. अब्जावा भाग नॅनो, दिवसाला जेमतेम मीटर. त्याचाही हजारावा भाग पिको, आणि आपलं काम तिथं आहे.

वडील गेले, घराला आईचं नाव लावायचंय. एक कार्यालय आहे, कुठलं ते सांगत नाही, काम अजून व्हायचंय. तिथं आवक टेबलापासून साहेबांच्या टेबलापर्यंत दोन फुटी सात फरश्या आहेत. बाकावर बसून मोजल्यात, चारदा. चौदा फूट. आमच्या फाईलीने हे अंतर 41 दिवसांत कापलं. ताशी 0.0000043 किलोमीटर म्हटलं तर माणूस खचतो. तेच 108 पिको-मुक्तिवेग म्हणा, जपमाळ पुरी झाल्यासारखं वाटतं. शिवाय नखाच्या वाढीपेक्षा हा वेग हजारपट आहे, तेव्हा कृतज्ञ राहा.

सात रस्त्याच्या सिग्नलला मोजमाप करू नका. शून्याला कुठल्याही एककात शून्यच म्हणतात.

गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत मात्र जरूर मोजा. मागचे लोक ढकलतात, त्यामुळे आकडा बरा येतो.

काम फारच अडलं तर कार्यालय मंगळाच्या डीमॉस या चंद्रावर हलवायचा अर्ज द्या. तिथला मुक्तिवेग ताशी वीसेक किलोमीटर, सायकलवाला सुटतो. अर्ज अर्थात आवक टेबलावरच.

आता भौतिकशास्त्राचा कठीण भाग, नीट लक्ष द्या. मुक्तिवेग वस्तूच्या वजनावर अवलंबून नसतो. खडा असो की रॉकेट, पृथ्वी दोघांकडून तेवढेच 11.2 मागते. हा नियम त्या कार्यालयाच्या दारापर्यंत लागू आहे. आत फाईलीवर वजन ठेवलं तरच ती उडते, आणि जितकं जास्त तितकी वर. मी स्वतः पाहिलंय. एकोणिसाव्या दिवशी आमच्या फाईलीवर चहाच्या ग्लासाचं वर्तुळ उमटलेलं होतं, आणि आमच्यानंतर दोन आठवड्यांनी आलेला एक गृहस्थ शेजारच्या खुर्चीत बसून सहीशिक्क्याचा कागद घडी करून खिशात घालत होता. विचारलं तर कारकुनाचं उत्तर काय? "तुमचं बघायलोय की ओ काका, सर्व्हर डाऊन हाय." सर्व्हर त्याच्यासाठी चालू आणि माझ्यासाठी डाऊन! एकाच टेबलावर, एकाच कॉम्प्युटरवर, एकाच बोटाने! आणि मग मान खाली घालून, हळूच, "तसं लवकर पण हुतंय." काय हुतंय? कसं हुतंय? घरी येऊन शेंगाचटणी-भाकरी घशाखाली उतरली नाही. खोटं कशाला बोलू, पुढच्या खेपेला पाचशेची नोट शर्टाच्या खिशात घालून गेलो होतो. काढली नाही, पण घालून गेलो होतो, आणि त्याचाच राग जास्त आहे.

हेलपाट्यांना मात्र कमी लेखू नका. चांद्रयान-3 सुद्धा एका उडीत गेलं नाही. पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, कक्षा वाढवत गेलं. 14 जुलै 2023 ला श्रीहरिकोट्याहून निघालं आणि 23 ऑगस्टला चंद्रावर उतरलं. चाळीस दिवस. आमची फाईल चाळिसाव्या दिवशी सहाव्या फरशीवर होती.

एककं बिककं बास झाली. कार्यालयवाल्यांनो, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला तुम्ही "समक्ष पाहिजे" म्हणून तीनदा बोलावलंत. बाळ्याहून रिक्षाने, मे महिन्याच्या उन्हात. तिन्ही वेळा साहेब मीटिंगला. बसायला दिलेल्या बाकाचा एक पाय विटेवर. पाणी मागितलं तर "बाहेर मिळतंय." लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. मुदत चुकली आणि कारण नसलं तर पाचशे ते पाच हजार दंड, तोही तुमच्या पगारातून. तो बोर्ड तुमच्याच भिंतीवर आहे, आणि बरोबर मुदतीच्या रकान्यावर तुम्ही कॅलेंडर टांगलंय. लाज नाही वाटत? आणि बाकावर बसलेले आम्ही पंधरा-वीस जण, आम्हीही ते कॅलेंडर रोज बघतो आणि एकानेही हात लावलेला नाही.

उद्या बेचाळिसावा दिवस. अपिलाचा अर्ज लिहिलाय, दोन प्रतीत. आधी ते कॅलेंडर काढणार, मग आवक टेबलावर पोच मागणार.